‘ब्लॉक जोडा, ॲप बनवा’ हे सोनाळ्यातल्या माणसाला खरंच सोपं आहे का?

शेतातल्या मोटारीला ‘ऑटो’ बसवलेला असतो, हे गावाकडच्या कुणालाही सांगायला नको. लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते. रात्री दोनला उठून, विंचूकाट्यातून विहिरीपर्यंत जायची गरज पडत नाही.

आता याच ऑटोकडे दुसऱ्या नजरेनं बघा. ‘लाइन आली की मोटार सुरू कर.’ हा एक प्रोग्राम आहे. एक ओळीचा, पण प्रोग्रामच. आणि त्यात एक बगही आहे. एका डीपीवर समजा वीस शेतकरी आहेत आणि वीसही जणांकडे ऑटो आहे. लाइन आली की वीस मोटारी एकाच क्षणी सुरू होणार. मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढते. सगळा भार एकदम डीपीवर येतो आणि डीपी जळते. म्हणून तर महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगतं की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा.

म्हणजे नियम एकट्यासाठी बरोबर आहे आणि सगळ्यांनी मिळून वापरला की चूक आहे. हे ओळखणं आणि नियम दुरुस्त करणं, यालाच आजकाल ‘कॉम्प्युटेशनल थिंकिंग’ म्हणजे संगणकीय विचार म्हणतात. आणि हाच विषय आता तिसरीच्या मुलांना शिकवायचं ठरलंय.

नेमकं काय ठरलंय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जाहीर केलं की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासून पुढे एआय आणि संगणकीय विचार हा अभ्यासक्रमाचा भाग असेल. त्यासाठी सीबीएसईनं आयआयटी मद्रासचे प्राध्यापक कार्तिक रामन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम आणायचं म्हटलं होतं. म्हणजे पाच वर्षांत विषय तीन इयत्ता खाली सरकला.

दुसरीकडे फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारायची घोषणा झाली. याआधी देशभरात अशा १० हजार लॅब झाल्यात. तिथं मुलं सेन्सर, छोटे कंट्रोलर, मोटारी यांच्याशी खेळतात.

आता आठ वर्षांच्या मुलाला कुणी जावा किंवा पायथॉन टाइप करायला लावणार नाही. त्याच्या हातात येणार ते ‘ब्लॉक’. त्यामुळे प्रश्न असा आहे की ही ब्लॉकवाली साधनं ज्यांना कॉम्प्युटरचं काहीच येत नाही त्यांच्यासाठी किती सोपी आहेत? मुंबई-पुण्यातल्या मुलासाठी नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्यातल्या मुलासाठी, तिथल्या शिक्षकासाठी, आणि हो, तिथल्या शेतकऱ्यासाठीसुद्धा.

आधी हे ब्लॉक प्रकरण काय आहे ते समजून घेऊ

साध्या प्रोग्रामिंगमध्ये सूचना टाइप कराव्या लागतात. एक कंस राहिला, एक स्वल्पविराम चुकला की काहीच चालत नाही. नवीन माणूस तिथंच वैतागतो. त्याचा विचार बरोबर असतो, फक्त लिहिण्यात चूक असते. पण कॉम्प्युटर त्याला सरळ नापास करतो.

व्हिज्युअल प्रोग्रामिंगमध्ये टाइप करायचं नसतं. प्रत्येक सूचना म्हणजे एक रंगीत ठोकळा. ठोकळे एकाखाली एक जोडायचे. ज्या दोन सूचना एकत्र येऊच शकत नाहीत त्यांचे ठोकळे एकमेकांत बसतच नाहीत. उदाहरणार्थ, स्क्रॅचमध्ये आकड्याचा ठोकळा गोल कडांचा असतो आणि ‘हो की नाही’ असं उत्तर देणारा ठोकळा षटकोनी असतो. ‘जर’ च्या खाचेत षटकोनीच बसतो. चुकीचं वाक्य लिहिताच येत नाही.

या विचाराची मुळं १९६७ मधल्या ‘लोगो’ या भाषेत आहेत. सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉलेस फोयरझाइग यांनी ती मुलांसाठी तयार केली. त्यातलं कासव पुष्कळांना शाळेतल्या कॉम्प्युटरच्या तासामुळे आठवत असेल. पुढे २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मिचेल रेझनिक यांच्या गटानं स्क्रॅच आणलं. आज त्याचे १० कोटींहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते आहेत. २०१० मध्ये गूगलनं ॲप इन्व्हेंटर आणलं, ज्यात ब्लॉक जोडून अँड्रॉइड ॲप बनवता येतं. नंतर ते एमआयटीकडे गेलं. २०१२ मध्ये गूगलनं ब्लॉकली आणलं. त्याच्यावर इतरांना आपापली ब्लॉकवाली साधनं उभी करता येतात. आजचं स्क्रॅचही ब्लॉकलीवरच उभं आहे.

आपल्याकडे याचा उपयोग झालाय का?

झालाय, आणि चांगला झालाय.

सगळ्यात बोलकं उदाहरण धारावीचं. चित्रपटकार नवनीत रंजन यांच्या ‘धारावी डायरी’ या प्रकल्पातल्या शाळकरी मुलींनी एमआयटीचं ॲप इन्व्हेंटर वापरून मोबाइल ॲप बनवली. एकाचं नाव ‘पानी है जीवन’. वस्तीतल्या सार्वजनिक नळावर पाण्यासाठी रांग लागते, भांडणं होतात, शाळा बुडते. या ॲपमध्ये रांग ऑनलाइन लावायची आणि नंबर आला की फोनवर सूचना यायची, अशी कल्पना होती. दुसरं ॲप महिलांच्या सुरक्षेसाठी होतं. त्यात धोक्याचा अलार्म, ठिकाण कळवणारा मेसेज आणि तातडीचा कॉल अशा सोयी होत्या.

इथं लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे या मुलींना ‘कोडिंग शिका’ असं सांगून बसवलं नव्हतं. आधी पाण्याच्या रांगेचा प्रश्न होता, ॲप नंतर आलं.

आयआयटी मुंबईत प्राध्यापक श्रीधर अय्यर यांच्या गटानं शाळांसाठी ‘कॉम्प्युटर मस्ती’ नावाचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात नुसतं वर्ड-पेंट न शिकवता विचार करायला शिकवण्यावर भर होता आणि स्क्रॅचचाही वापर होता. ‘एसीएम इंडिया’ या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा ‘सीएसपाठशाळा’ हा उपक्रम तर कॉम्प्युटर नसतानाही, खेळ आणि कोड्यांतून संगणकीय विचार शिकवतो.

म्हणजे अनुभव आपल्याकडे आहे. तरी गाडी अडते कुठं?

अडचण पहिली: भाषा मराठी केली, पण वाक्य इंग्रजीच राहिलं

‘टूल मराठीत करा’ असं म्हणणं सोपं आहे. पण ब्लॉकच्या बाबतीत नुसते शब्द बदलून भागत नाही, कारण ब्लॉक म्हणजे रिकाम्या जागा असलेलं वाक्य असतं.

इंग्रजी ब्लॉक म्हणतो, ‘मूव्ह टेन स्टेप्स’. आधी क्रियापद, मग आकडा. मराठीत आपण ‘१० पावलं पुढे जा’ म्हणतो. क्रियापद शेवटी. ‘रिपीट अन्टिल अमुक’ चं मराठी ‘अमुक होईपर्यंत पुन्हा कर’ असं होतं, म्हणजे रिकामी जागा शेवटून सुरुवातीला येते. ब्लॉकलीसारख्या साधनात भाषांतर करणाऱ्याला रिकाम्या जागांची अदलाबदल करता येते. पण भाषांतर करणाऱ्यानं शब्दाला शब्द ठेवला तर मुलाला ‘जा १० पावलं’ असं काहीतरी वाचावं लागतं. वाचता येतं, पण आपलं वाटत नाही.

पुढची अडचण आणखी गमतीची आहे. इंग्रजीत रिकाम्या जागी कुठलंही नाम टाका, वाक्य बिघडत नाही. मराठीत बिघडतं.

समजा ब्लॉक आहे, ‘____ सुरू झाला’. त्यात ‘पंप’ टाकला तर ठीक. ‘मोटार’ टाकली तर ‘मोटार सुरू झाला’. ‘इंजिन’ टाकलं तर ‘इंजिन सुरू झाला’. लिंग बदललं की क्रियापद बदलायला हवं आणि ब्लॉकला ते कळत नाही. तसंच ‘____ची पातळी’ या ब्लॉकमध्ये ‘पाणी’ टाकलं तर ‘पाणीची पातळी’ होतं, कारण ‘पाणी’चं ‘पाण्या’ होणं ब्लॉकला माहीत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फार अवघडही नाही. ‘सुरू झाला’ ऐवजी ‘सुरू आहे’ लिहा. पंप सुरू आहे, मोटार सुरू आहे, इंजिन सुरू आहे. तिन्ही बरोबर. ‘____ची पातळी’ ऐवजी ‘पातळी: ____’ असं लिहा. प्रश्न सुटला. पण हे सुचायला मराठीत विचार करणारा माणूस टूल बनवताना तिथं बसलेला पाहिजे. शेवटी फाइल भाषांतराला पाठवून हे होत नाही.

आकड्यांचंही तेच. मुलगा मराठी कीबोर्डवरून १० टाइप करतो. स्क्रॅच आणि ब्लॉकली ज्या जावास्क्रिप्टवर चालतात त्या भाषेला देवनागरी १० हा आकडाच वाटत नाही. टूल बनवणाऱ्यानं पडद्यामागे तो बदलून घ्यायची सोय केली नसेल, तर मराठी शाळेतल्या मुलाला आपलं काय चुकलं हे कळणारच नाही. त्यानं पुस्तकात आहे तसाच आकडा लिहिलेला असतो.

अडचण दुसरी: ‘आली की’ आणि ‘असेल तर’

ही अडचण जगभर सगळ्यांना येते आणि गंमत म्हणजे इथं मराठीचा फायदा होऊ शकतो.

‘हे झालं तर ते कर’ अशा नियमांवर चालणारी बरीच साधनं आहेत. घरातले दिवे, पंप, अलार्म यांना असे नियम लावता येतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जस्टिन हुआंग आणि माया चकमक या दोघांनी अशा नियमांवर अभ्यास केला. त्यात दिसलं की एकाच नियमाचा अर्थ वेगवेगळी माणसं वेगवेगळा लावतात. कारण ‘एखादी घटना घडणं’ आणि ‘एखादी स्थिती असणं’ या दोन गोष्टींची गल्लत होते. हा फरक साधनानंच स्पष्ट दाखवावा, असं त्यांनी सुचवलं.

आता शेतातली तीन वाक्यं बघा.

- लाइन आली की मोटार लाव.
- लाइन असेल तर मोटार लाव.
- लाइन असेपर्यंत मोटार चालू ठेव.

पहिल्यात घटना आहे. ज्या क्षणी लाइन येते त्या क्षणी काम होतं. दुसऱ्यात स्थिती आहे. आत्ता बघा, असेल तर लावा, नसेल तर सोडून द्या. तिसऱ्यात सतत लक्ष ठेवायचंय. तीन वाक्यं, तीन वेगळे प्रोग्राम. इंग्रजी ब्लॉकमध्ये ‘व्हेन’, ‘इफ’ आणि ‘व्हाइल’ यांतला फरक नवख्याला शिकवावा लागतो. ‘आली की’, ‘असेल तर’ आणि ‘असेपर्यंत’ यांतला फरक सोनाळ्यातला दुसरीतला पोरगाही बोलताना बरोबर करतो. त्याला फक्त ते ब्लॉकवर दिसायला हवं.

पण भाषांतरात या सगळ्यासाठी ‘जर… तर’ किंवा ‘जेव्हा… तेव्हा’ एवढंच वापरलं की हातातला फायदा निघून जातो.

अडचण तिसरी: ब्लॉक सोपे आहेत, शेत सोपं नाही

आता आपला ऑटोवाला प्रोग्राम ब्लॉकनं सुधारून बघू. इथंच कळेल की ठोकळे कुठपर्यंत साथ देतात आणि माणसाला स्वतः कुठून पुढे विचार करावा लागतो.

पहिली आवृत्ती: *लाइन आली की मोटार सुरू कर.* डीपी जळणार.

दुसरी आवृत्ती: *लाइन आली की १ ते १० मधला कुठलाही एक आकडा निवड, तेवढी मिनिटं थांब, मग मोटार सुरू कर.* स्क्रॅचमध्ये ‘कुठलाही आकडा निवड’ असा तयार ब्लॉक असतो. आता वीस मोटारी एकदम सुरू न होता मागेपुढे सुरू होतील. एका ठोकळ्यानं प्रश्न बराचसा हलका झाला. पण थांबलेल्या वेळात लाइन परत गेली तर? म्हणून थांबून झाल्यावर पुन्हा एकदा ‘लाइन असेल तर’ तपासायला हवं.

तिसरी आवृत्ती: कपाशीला दोन तास पाणी द्यायचंय. *मोटार सुरू कर, २ तास थांब, मोटार बंद कर.* दिसायला अगदी बरोबर. पण दीड तासानं लाइन गेली आणि तासाभरानं आली तर? बिचारा कंट्रोलर परत पहिल्यापासून दोन तास मोजणार. एकूण साडेतीन तास पाणी. म्हणजे किती वेळ पाणी देऊन झालं, हा आकडा कुठंतरी असा जपून ठेवावा लागेल की लाइन गेली तरी पुसला जाणार नाही.

चौथी आवृत्ती: विहिरीचं पाणी मध्येच संपलं तर? मोटार कोरडी चालणार आणि जळणार. मग आपण ‘पाणी नसेल तर बंद कर’ असा ब्लॉक खाली जोडतो. तरीही मोटार जळते! का? कारण प्रोग्राम ‘२ तास थांब’ या ठोकळ्यावर थांबलेला असतो. खालचा ठोकळा वाचायची पाळी दोन तासांनी येते. पाणी आहे की नाही हे बघणारी दुसरी साखळी वेगळी, पहिलीच्या बाजूनं सतत चालू ठेवावी लागते.

या चारही आवृत्त्यांमध्ये एकही ठोकळा चुकीचा जोडलेला नाही. सगळे खाचेत नीट बसलेत. तरी एकात डीपी जाते, एकात पाणी वाया जातं आणि एकात मोटार जाते. ब्लॉक लिहिण्यातली चूक टाळतात. विचारातली चूक त्यांना पकडता येत नाही.

(एक महत्त्वाचं: हा प्रयोग खऱ्या मोटारीवर करू नका. शेतातली थ्री फेज म्हणजे ४१५ व्होल्ट. आपोआप सुरू होणाऱ्या मोटारीजवळ कुणी काम करत असलं तर जीव जाऊ शकतो. शिकायला मोटारीच्या जागी बॅटरीवरचा छोटा एलईडी पुरतो.)

मग साधनं सोपी करायची म्हणजे काय करायचं? तर विचारातली चूक *दिसेल* असं करायचं. सध्या कुठला ठोकळा चालू आहे तो उजळून दिसायला हवा. दोन तास दोन सेकंदांत पळवून बघायची सोय हवी. ‘आता लाइन घालव’, ‘आता पाणी संपव’ अशी बटणं हवीत, म्हणजे शेतात नुकसान होण्याआधी पडद्यावर कळेल. आणि प्रोग्राम अडला तर लाल अक्षरांतल्या इंग्रजी ओळीऐवजी ‘इथं २ तास थांबलोय, म्हणून पाणी तपासलं नाही’ असं साध्या मराठीत सांगायला हवं. नवख्या माणसाला ठोकळ्यांचे रंग आणखी छान करून मिळण्यापेक्षा हे मिळणं जास्त गरजेचं आहे.

अडचण चौथी: फोन आहे, कॉम्प्युटर नाही

केंद्राच्याच ‘युडायस प्लस’ २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ६४.७ टक्के शाळांमध्ये कॉम्प्युटरची आणि ६३.५ टक्के शाळांमध्ये इंटरनेटची सोय आहे. आदल्या वर्षी हे आकडे ५७.२ आणि ५३.९ टक्के होते. म्हणजे सुधारणा आहे. पण तीनातल्या एका शाळेत अजूनही कॉम्प्युटर नाही. आणि जिथं ‘आहे’ तिथं तीस मुलांमागे एक असला तरी नोंद ‘आहे’ अशीच होते.

घरात मात्र फोन आहे. पण स्क्रॅचचं पूर्ण एडिटर छोट्या फोनच्या पडद्यासाठी बनलेलं नाही. बोटाखाली ठोकळा लपतो आणि सोडायला गेलं तर भलतीकडे चिकटतो. ॲप इन्व्हेंटरमध्येही गंमत अशी की बनतं फोनचं ॲप, पण बनवायला कॉम्प्युटरच्या ब्राउझरची सवय धरलेली. फोनवरच ठोकळे जोडता येतील अशी साधनं आहेत. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठातून आलेलं ‘पॉकेट कोड’ हे त्यातलं एक. पण आपल्याकडे शाळांमध्ये चर्चा कायम ‘लॅब’ची होते.

इंटरनेटचं म्हणाल तर स्क्रॅच एकदा डाउनलोड करून नेटशिवाय वापरता येतं. ही साधी गोष्ट शिक्षकांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगितली तरी लाइन आहे पण रेंज नाही अशा गावांचं निम्मं काम होईल.

पण आता एआय आहे, मग ब्लॉक कशाला?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कारपाथी या एआय संशोधकानं ‘वाइब कोडिंग’ हा शब्द वापरला. आपण साध्या भाषेत सांगायचं आणि एआयनं कोड लिहायचा. आज तुम्ही मराठीत सांगितलं तरी चॅटबॉट मोटारीचा प्रोग्राम लिहून देतो.

अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. त्यानं दिलेला शंभर ओळींचा कोड बरोबर आहे की नाही, हे कोण बघणार? वरच्या चौथ्या आवृत्तीसारखी चूक त्यात लपली असेल तर ती मोटार जळाल्यावरच कळणार.

इथं ब्लॉकचा नवा उपयोग दिसतो. एमआयटीच्या ॲप इन्व्हेंटरच्या गटानं ‘ॲप्टली’ नावाचं साधन केलंय. त्यात आपण साध्या भाषेत मागणी सांगायची आणि ते ॲप बनवून ब्लॉकच्या रूपात समोर ठेवतं. म्हणजे लिहिण्याचं काम यंत्र करतं, पण काय लिहिलंय ते माणसाला वाचता येतं आणि एखादा ठोकळा काढून बदलताही येतो. आधी ब्लॉक प्रोग्राम *लिहायला* सोपा करत होते. यापुढे ते *तपासायला* सोपा करतील. आणि जो नियम तुमच्या पैशावर, पाण्यावर किंवा जिवावर परिणाम करणार आहे तो तुम्हाला वाचता येणं ही चैन नाही.

मग कुणी काय करायचं?

*पालकांनी:* जाहिरातींना भुलू नका. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ‘मुलाला कोडिंग लावा नाहीतर मागे पडेल’ अशी हवा झाली होती. तेव्हा व्हाइटहॅट ज्युनियरच्या पाच जाहिराती मागे घ्यायला जाहिरात मानक परिषदेनं सांगितलं होतं. स्क्रॅच फुकट आहे. ॲप इन्व्हेंटर फुकट आहे. मुलानं किती ॲप बनवली हे विचारण्याऐवजी ‘हे असं का केलंस?’ एवढं विचारा. त्याला सांगता आलं तर तो शिकतोय.

*शिक्षकांनी:* कोऱ्या पडद्यापासून सुरुवात नको. आधी चालणारा प्रोग्राम द्या, मग त्यातला एक आकडा बदलायला सांगा, मग एक ठोकळा, आणि शेवटी स्वतःचं काही. कॉम्प्युटर नसेल तर ऑटोचीच गोष्ट फळ्यावर मांडा. वीस मुलांना मोटारी करा, एकाला डीपी. ‘लाइन आली’ म्हटल्यावर सगळे एकदम डीपीला ओढतात. मग प्रत्येकानं फासा टाकून तेवढे आकडे मोजायचे आणि मग ओढायचं. फरक त्यांना अंगानं कळेल.

*साधनं बनवणाऱ्यांनी आणि सरकारनं:* मराठी ब्लॉक मराठी वाक्यासारखे करा. व्हेरिएबलला काय म्हणायचं यावर नवा शब्द पाडायची गरज नाही. आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात ‘चल’ आधीपासून आहे, मुलं तो वापरतात. देवनागरी आकडे चालू द्या. पडदा फोनचा धरून आखणी करा. आणि साधन शाळेत पाठवण्याआधी मराठी शाळेतल्या पाच-दहा मुलांना हातात देऊन, गप्प बसून बघा की ती कुठं अडतात. हे सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी केलं जातं.

थोडक्यात सांगायचं तर

५० हजार लॅब आणि तिसरीपासूनचा अभ्यासक्रम या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण उद्या शाळेत लॅब येईल, मुलं ठोकळे जोडून पडद्यावर मांजर पळवतील, फोटो निघतील आणि विषय संपेल, ही भीतीही खरी आहे. संग्रामपूर तालुक्याचा बराच भाग पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथं विहिरीचं पाणी खारं लागणं, पाण्याची पाळी, रात्रीची लाइन, सातपुड्यातून शेतात उतरणारी जनावरं असे रोजचे विषय आहेत. यातल्या प्रत्येकात ‘आली की’, ‘असेल तर’ आणि ‘असेपर्यंत’ दडलेलं आहे. पोरांना तिथून सुरुवात करू दिली तर ब्लॉक त्यांच्या कामाचे होतील.

तुमच्या गावातल्या शाळेत टिंकरिंग लॅब आहे का? असेल तर तिथली मुलं नेमकं काय बनवतात? आणि तुमच्या डीपीवर किती ऑटो आहेत? कमेंटमध्ये नक्की सांगा.